माघारी फिरलेलं विमान

माझी नोकरी काय, हे मला आजवर एका दमात कुणाला सांगता आलेलं नाही. नवीन विमान तयार झालं की ते लोकांच्या हाती देण्याआधी उडवून पारखतात. ते हवेत असताना पंखावर किती ताण आला, शेपटी किती थरथरली, इंजिनाजवळ किती तापलं, हे सगळं मोजायचं असतं. मोजणारी यंत्रणा विमानात बसवायची, ती खरं बोलतेय ना यावर नजर ठेवायची आणि चाचण्या संपल्या की शेवटच्या तारेपर्यंत सगळी काढून घ्यायची, हे माझं काम. लोक मान डोलावतात आणि विचारतात, "म्हणजे तुम्ही विमान चालवता?" मग माझं डोकं फिरतं. लवकर डोकं फिरणं ही आमच्या घरची चाल आहे. मला ती आबांकडून आली.

आबा म्हणजे माझे वडील. ते आता नाहीत. आटपाडीकडच्या माळावरचे मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादून, मेंढरं पुढं घालून कृष्णाकाठाला उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला घरी परतायचे. ऊस तुटून गेलेल्या रानात चार दिवस मेंढरं बसवायची. त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. मग वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, गुंडाळायची आणि पुढचं रान धरायचं. माझं लहानपण असं पायांवर गेलं. शाळा मात्र सुटली नाही. कुंडलला ज्या जैन शेतकऱ्याच्या रानात आमची मेंढरं दरवर्षी बसायची, त्यांच्या घरच्या काकींनी मला ठेवून घेतलं. "पोरगी हुशार आहे, कशाला उन्हातान्हात फिरवता," म्हणाल्या, आणि आई-आबांनी ऐकलं. त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून मी बारावीपर्यंत शिकले. माझ्यात जी काही टापटीप आहे ती त्या सोप्यातली. बाकी सगळं माळावरचं.

बारावीनंतर कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला इन्स्ट्रुमेंटेशन शाखेला प्रवेश मिळाला. त्या नावाचा अर्थ मलाही धड माहीत नव्हता. मोजमापाची यंत्रं, एवढंच कळलं होतं. तेव्हा सगळे भाऊबंद गावी परतले होते आणि रिवाजाप्रमाणे वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळापुढं घोंगडी अंथरून बसले होते. पुढच्या वर्षी कुणी कुठली वाट धरायची, कुणाच्या रानावरून कुणाचं वाजलं, कुणाची सोयरीक कुठं जुळते, सगळं तिथंच बोललं जातं. मी कराडला एकटी राहणार, हा विषयही तिथंच निघाला.

आबांचे थोरले भाऊ, आमचे नाना, त्या बैठकीत शेवटचा शब्द बोलायचे. त्यांनी तंबाखू मळत मळत विचारलं, "शिकव की. पर शिकून करनार काय ती? मेंढरामागं तर येनार न्हाई."

मी सांगितलेलं शाखेचं नाव आबांच्या तोंडात बसत नव्हतं. त्यात चारचौघांत विचारलेलं. त्यांनी वर आभाळाकडं हात केला आणि ठोकून दिलं, "इमान करंल ती. इमान!"

बैठक हसली. नानाही हसले. "आन् आमाला दावशील व्हय?"

आबा उठले, देवापुढच्या ताटातला भंडारा मुठीत घेतला आणि म्हणाले, "दावीन. इमानात माझ्या पोरीचं काम कसं चालतंय, ते तुमच्या डोळ्यानं तुमास्नी दावीन. बिरोबाची आन हाय."

हसू जागच्या जागी थांबलं. भंडारा उचलून दिलेला शब्द थट्टेत काढता येत नाही. आमच्या भावकीत रीत अशी, की तो शब्द पुरा होईपर्यंत त्या माणसानं स्वतःच्या कपाळाला भंडारा लावायचा नाही. पुरा झाला, की घरातल्या थोरल्यानं सगळ्यांदेखत लावायचा. तोवर तो बांधलेला. कोरं कपाळ घेऊन जत्रेला उभं राहणं काय असतं, हे आमच्यातल्या माणसालाच कळेल. मी बायकांमध्ये बसले होते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. विमानाचं नाव काढलं कुणी? मला साखर कारखान्यात नोकरी लागली असती तरी मी पेढे वाटले असते.

तर माझं पुढचं आयुष्य ठरलं ते असं, आबांच्या फिरलेल्या डोक्यापायी.

कराडची चार वर्षं बरी गेली. पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याला मुली हसायच्या. मी दोघींशी कडाक्याचं भांडले, मग त्याच दोघी जिवाभावाच्या झाल्या. परीक्षा संपली की आम्ही कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बसायचो. सुट्टीत मी घरी जायचे म्हणजे बिऱ्हाड असेल तिथं जायचे. आधी फोन करून विचारायचं, "आज कुठल्या शिवारात?" आणि एसटीनं तिथं उतरायचं.

पहिली नोकरी खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात लागली. ट्रॅक्टरचे भाग किती ओझं सोसतात ते तिथं तपासायचे. तिथं मी स्ट्रेन गेज चिकटवायला शिकले. नखापेक्षा लहान, पातळ पापुद्रा असतो तो, त्यात केसासारखी तार. धातू ताणला गेला की ती तार ताणली जाते आणि तो ताण आकड्यात दिसतो. धातू पॉलिश कागदानं घासायचा, स्पिरिटनं एकाच दिशेनं पुसायचा, गोंदाचा थेंब टाकून वर पापुद्रा ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबून धरायचं. त्या वेळी हलायचं नाही, बोलायचं नाही. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे अवघड गेलं, पण जमलं.

तिथंच मी शून्य शिकले. ओझं घालायच्या आधी, वस्तू नुसती उभी असताना, गेज काय दाखवतो ते लिहून ठेवायचं. ते त्याचं शून्य. ओझं घातलं, काढलं, की आकडा परत तिथंच आला पाहिजे. नाही आला, तर दोनच गोष्टी असतात. एक तर धातूला काहीतरी झालंय, नाहीतर तुमचा गेज खोटं बोलतोय. यातलं कोणतं खरं ते कळेपर्यंत पुढं जायचं नाही. या धंद्यातलं शहाणपण एवढंच, बाकी सगळी हमाली.

पुढं विमानांच्या चाचण्यांसाठी माणसं हवी आहेत अशी जाहिरात निघाली आणि मी अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, "विमानंच का?" मी म्हटलं, "घरी तसं ठरलंय." ते हसले. मी हसले नाही. निवड झाली आणि मी बंगळूरला गेले. आबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी वाऱ्यात हाळी देऊन मेंढरं थांबवली. मग ते म्हणाले, "बिरोबानं ऐकलं. आता दावायला कवा येनार?"

तो प्रश्न मग दरवर्षी येत राहिला.

दाखवणार काय? जिथं मी काम करायचे तिथं फोन दारातच ठेवून आत जावं लागायचं. आत काय आहे ते घरच्यांनाही सांगायचं नाही. एकदा एका प्रदर्शनातल्या विमानापुढं उभी राहून काढलेला फोटो पाठवला, तर आबा म्हणाले, "फोटू काय, कुनाम्होरं बी उभा ऱ्हाऊन काढता येतो. डोळ्यानं दावीन म्हनलोय मी." आणि खरी अडचण त्याच्या पुढची होती. विमानाच्या स्वतःच्या तारा वेगळ्या असतात. आमच्या चाचणीच्या तारा मुद्दाम नारिंगी रंगाच्या असतात, म्हणजे कुठली तार पाहुणी ते लगेच कळावं. चाचण्या संपल्या की नारिंगी म्हणून जे जे आहे ते सगळं बाहेर निघतं. गेज खरवडले जातात, डबे उतरतात. विमान पास होऊन बाहेर पडतं तेव्हा त्यात आमचं काहीही नसतं. काही उरलं असेल तर ती आमची चूक ठरते.

हे मी एकदा बिऱ्हाडावर सुट्टीला गेले असताना सांगितलं. ऊस तुटलेलं रान होतं, आई चुलीवर भाकरी थापत होती. आबांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मंग ऱ्हातं काय तुझं त्यात?"

"काय न्हाई ऱ्हात, आबा."

आई भाकरी उलटत म्हणाली, "आपुन तरी काय ठेवतो रानात? मेंढरं बसवायची आन् उठायचं."

"तसं कसं? म्होरल्या वरसाला रान दावता येतं," आबा म्हणाले. "ह्या बाजूला बसली हुती मेंढरं, त्या बाजूला न्हवती, आंधळा बी सांगंल पीक बघून. हिचं काय दावू? न्हाई ते दावू?"

आबा भाकरी न मोडता उठून मेंढरांकडं गेले, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाला आपण बांधून ठेवलंय. राग त्यांचा होता, शब्द त्यांचा होता, पण गाठ सोडवायची ती मलाच सुटत नव्हती.

नाना तसे वाईट नव्हते. पण चेष्टेची संधी सोडतील तर ते नाना कसले? आभाळात कुठं विमानाची रेघ दिसली की ते आबांना हाक मारायचे, "आरं, तुझ्या पोरीचं का रं हे?" आधी आधी आबा चिडायचे. नंतर नंतर ते नुसतं वर बघायचे आणि काठी उचलून चालू लागायचे. त्यांचे गुडघे गेले होते. एका वर्षी त्यांनी सांगून टाकलं, की हा आपला शेवटचा फेरा, पुढच्या वर्षापासून मेंढरं पुतण्याकडं. त्यांचं कपाळ अजून कोरंच होतं.

त्याच वर्षी मी एका लहान कंपनीत गेले. ती शिकाऊ वैमानिकांसाठी दोन माणसांचं छोटं विमान करत होती. भर उन्हात, आखूड धावपट्टीवर ते कसं वागतं हे पाहायचं होतं आणि त्यासाठी जागा ठरली कराडजवळची. मी ते ऐकलं आणि मला खुर्चीत बसवेना. ज्या शिवारांतून आमची मेंढरं आयुष्यभर फिरली, त्यांच्या मधोमध ती धावपट्टी. कुंपणाबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडं उसाची रानं. कुंपणाबाहेर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. तरी मी आमच्या प्रमुखांच्या कानावर घातलं, की माझ्या घरची माणसं रस्त्यावर उभी राहून बघणार आहेत. ते म्हणाले, "बघू देत की."

मी आबांना फोन केला. "या. दावा त्यास्नी."

आबांनी मग काय काय केलं ते मला नंतर आईकडून कळलं. त्यांनी आपली वाट बदलली. पाच-सहा बिऱ्हाडांना भेटून, हातापाया पडून, तीही त्या बाजूला वळवली. चाऱ्याच्या दिवसांत दुसऱ्यासाठी वाट वाकडी करणं ही लहान गोष्ट नाही. नाना आधी कुरकुरले, मग म्हणाले, "चला, त्येचा भंडारा तरी सुटंल."

चैत्रातली सकाळ होती, पण ऊन आधीच चढलेलं. धावपट्टीच्या कडेला आमची गाडी उभी होती. तिच्यात पडदे, आणि विमानातून येणारे आकडे त्या पडद्यांवर. मी शून्यं घेतली होती, सगळी ठीक होती. गाडीच्या खिडकीतून कुंपण दिसत होतं. कुंपणापलीकडं पटके, काठ्या, खांद्यावर घोंगडी. नाना मध्ये, रस्त्याच्या दगडावर बसलेले. आबा उभे. ते हात लांब करून काहीतरी दाखवत होते. मला इतक्या लांबून ऐकू येणार नव्हतं, पण ते काय म्हणत असतील ते मला ठाऊक होतं.

विमान शेडमधून निघालं. आधी ते जमिनीवरच जोरात पळवायचं, ब्रेक मारायचे, टोकाला नेऊन उभं करायचं आणि मग उड्डाण, असं ठरलं होतं. पळालं, थांबलं, वळून टोकाला उभं राहिलं. मी रिवाजाप्रमाणे पुन्हा एकदा शून्यांवर नजर फिरवली. शेपटीच्या मुळाशी चिकटवलेला एक गेज परत आला नव्हता.

थोडासाच सरकला होता. मी वाट पाहिली. तो तिथंच राहिला.

कानातल्या फोनवर प्रमुखांनी विचारलं, "आकडे ठीक?"

शेपटीच्या मुळाचा ताण हा त्या दिवशीचा अत्यावश्यक आकडा होता, तो नसेल तर उडायचं नाही असं आधीच ठरलेलं. हे मी सांगते तेव्हा सोपं वाटतं. तेव्हा खिडकीत माझा बाप उभा होता. त्याच्या आयुष्यातला शेवटचा फेरा, पुन्हा हे सगळे लोक एका जागी येणार नव्हते, आणि टोकाला उभ्या विमानाचा पंखा फिरत होता. बहुतेक करून गेजच खोटं बोलत असणार, हे मलाही वाटत होतं. दहातल्या नऊ वेळा तसंच असतं.

मी म्हणाले, "नाही. शून्य परत येत नाही. उडू नये."

"गेज असेल," प्रमुख म्हणाले.

"असेल. पण मला माहीत नाही."

वैमानिक वयस्क होते, हवाई दलातून निवृत्त झालेले. तेच मध्ये बोलले, "तिला माहीत नाही, तर मलाही जायचं नाही. परततो." विमान टोकावरून वळलं आणि जमिनीवरून हळूहळू शेडकडं परत आलं. मी खिडकीकडं बघितलं नाही.

काम आवरून कुंपणाशी गेले तेव्हा माणसं पांगायला लागली होती. मेंढरं माणसांच्या कौतुकासाठी थांबत नाहीत. नाना दगडावरून उठत म्हणाले, "झालं व्हय गं? मला वाटलं उडंल. हे तर बैलगाडीवानी गेलं आन् आलं." दोघं-तिघं हसले. त्यात खुन्नस नव्हती, पण हसू ते हसूच.

आबा हसले नाहीत. त्यांनी जाळीतून बोटं घातली होती. "का थांबलं गं?"

"मी थांबवलं, आबा."

"तू?"

"व्हय. एका आकड्याचं शून्य जागेवर येत न्हवतं. आत मानूस बसला हुता."

ते माझ्याकडं बघत राहिले, मग शेडकडं, मग पुन्हा माझ्याकडं. काठी घेतली आणि गुडघे सावरत नानांच्या मागून चालायला लागले. मला वाटलं, संपलं. मी माझ्या हातानं माझ्या बापाचा शब्द खाली पाडला. जाळीला धरून मी उभी राहिले आणि रडले, लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिऱ्हाडं उठून गेली. तिथला चारा संपला होता.

आम्ही शेपटी उघडून बघितली. धातूला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. उन्हानं गोंद सुटला होता आणि पापुद्रा एका कोपऱ्यात उचलला होता, एवढंच. नवा चिकटवला, त्यावर सावली केली, आणि आठवडा जायच्या आत विमान उडालं. आखूड धावपट्टीवरून अलगद उठलं, उसावरून एक मोठा फेरा घेऊन उतरलं. कुंपणावर कुणी नव्हतं. रस्त्यावरून जाणारा एक दूधवाला तेवढा गाडी थांबवून बघत होता. मी आबांना फोन लावला, तो आईनं उचलला. "मेंढरांत हायती," म्हणाली. संध्याकाळी पुन्हा लावला. तेव्हाही मेंढरांतच होते.

पुढच्या महिन्यात चाचण्या संपल्या. मी विमानाच्या पोटात आडवी होऊन नारिंगी तारा एकेक करून ओढून काढल्या. हे काम मला नेहमी आवडायचं, घर झाडून दिल्यासारखं वाटायचं. या वेळी आवडलं नाही.

पावसाच्या तोंडाला मी गावी गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण आबांचा फेरा संपला होता आणि मेंढरं पुतण्याच्या हवाली करायची होती. त्या दिवशी मी तिथं नसणं बरं दिसलं नसतं. देवळापुढं घोंगडी अंथरली होती. हवाली करण्याचं बोलणं झालं. चहा झाला. मग नानांनी तंबाखू मळायला घेतली आणि मला कळलं, आता तो विषय निघणार.

"आन् तुझ्या भंडाऱ्याचं काय करायचं रं?" नाना म्हणाले. "आमी येवढं वाट मोडून आलो. इमान काय उडलं न्हाई."

आबा उठले. उठायला त्यांना वेळ लागला, पुतण्यानं हात दिला तो त्यांनी बाजूला केला.

"उडतंय काय, घार बी उडती," ते म्हणाले. "मी इमान उडवून दावतो म्हनलो न्हवतो. पोरीचं काम दावतो म्हनलो हुतो. तुमी समद्यांनी बघितलंय. येवढं इमान रस्त्याच्या टोकाला जाऊन हुबं ऱ्हायलं. पंखा फिरत हुता. आत मानूस हुता. आन् ते माघारी फिरलं. कुनाच्या शब्दानं फिरलं, इचारा तिला."

सगळ्यांनी बायकांकडं माना वळवल्या. नानांनी विचारलं, "तू फिरवलंस व्हय गं?"

"व्हय, नाना."

"मोडलं हुतं काय त्येचं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आबांसाठी बोलावंसंही वाटलं. "न्हाई," मी म्हणाले. "मागनं बघितलं. इमान धड हुतं. पर तवा ते कळत न्हवतं."

कुणीतरी हसलं. "म्हंजी उगंच फिरवलं की."

आबांचं डोकं फिरलं. पण या वेळी आवाज चढला नाही. ते त्या हसणाऱ्याकडं न बघता नानांकडंच बघत बोलले, "नाना, वाऱ्यावर वास आला म्हनून कुत्रं भुंकलं. तुमी उठला, बत्ती घेऊन वाघरीभवती फिरला, लांडगा काय दिसला न्हाई. तर सकाळी त्या कुत्र्याला हाकलून देता व्हय?"

तिथं बसलेल्या प्रत्येकानं लांडग्यापायी कोकरं घालवली होती. नानांनी तर एका रात्री अर्धा कळप घालवला होता, कारण म्हातारं कुत्रं मेल्यावर त्यांनी दुसरं पाळायला उशीर केला होता. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि आबांनी ती बोलून दाखवली नाही.

नानांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली नाही. हात झटकले, धोतराला पुसले, गाभाऱ्यात गेले आणि ताट घेऊन आले. आबा वाकले. नानांनी भंडारा त्यांच्या कपाळाला लावला, आडवा, भरपूर, भुवयांवर सांडेपर्यंत. थोडा माझ्याकडं उधळला. तो माझ्यापर्यंत पोचला नाही, पुढं बसलेल्या चुलत्यांच्या डोक्यावर पडला.

आई माझा हात दाबून म्हणाली, "सुटलं गं तुझं आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेंढरांशिवाय. कपाळावरचा भंडारा त्यांनी धुतला नव्हता. मी चहा घेऊन गेले, तसे ते सरकले आणि मला बसायला जागा केली. मी बंगळूरला गेल्यापासून त्यांनी मला माझ्या कामाबद्दल फिरून फिरून एकच गोष्ट विचारली होती, दावायला कवा येनार. ते काम असतं काय, हे विचारायला त्या शब्दानं त्यांना कधी सवडच दिली नव्हती.

त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "आता सांग. ते शून्य म्हंजी काय? निवांत सांग, मला काय घाई न्हाई."